बाळाच्या वाटीतलं पाणी

गेल्या आठवड्यात सुनेला मुलगी झाली. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. सून लगेच माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असेल, आता सासूबाई आमच्या वेळचं काहीतरी काढणार. मी काही बोलले नाही. मी तशी कमीच बोलते. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून ही वही घेऊन बसले.

कारण या पाण्यावरून मी एकदा चोरी केली आहे. माझ्या पहिल्या बाळासाठी ठेवलेलं पाणी मी स्वतः प्यायले, एकदा नाही, रोज. आणि त्या चोरीपायी शेजारच्या खोलीतल्या एका तान्ह्या मुलीचा जीव धोक्यात आला. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत हे मी कुणाजवळ बोलले नाही.

दुष्काळाच्या पाठोपाठचा उन्हाळा होता तो. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. माहेर सोलापुरातच, गिरणीच्या मागच्या बाजूला. एका ओळीत सहा खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक ओसरी आणि टोकाला नळ. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही तासभर. वडील भुसार दुकानात कामाला होते, ते दिवसभर बाहेर. घरात मी आणि अव्वा. आम्ही आईला अव्वा म्हणतो, आमच्यात घरी अर्धं कानडी चालतं. मला मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं.

अव्वाने पाच लेकरं वाढवलेली. ओळीतल्या सगळ्या बाया तिला विचारायला यायच्या, पोराचं पोट दुखतंय काय करू, नाळ पडली नाही काय करू. ती सांगेल तसं करायच्या. त्यामुळे माझ्या बाबतीत कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. खोलीचा दरवाजा लावलेला, खिडकीला गोणपाट, बाजेखाली ओव्याची धुरी, माझ्या कानाला फडकं बांधलेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. जेवायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपू आणि वरून तूप. आणि पाणी मात्र दिवसाला दोन फुलपात्री, तेही बाळंतशोप घालून उकळलेलं, कोमट.

"जीभ ओली कर नुसती," अव्वा म्हणायची. "गटागटा पिऊ नगंस. बाळंतिणीचं पोट आतनं कच्चं असतंय. पानी सुटलं की पोट सुटतंय, आन् दूध पातळ हुतंय."

मी व्हय म्हणायचे. तहान लागली असं सांगायची मला लाज वाटायची. अव्वा पहाटे उठून नळाला नंबर लावत होती, माझे कपडे धूत होती, आणि वर मी पाणी मागायचं?

बाळाचं मात्र उलटं होतं. त्याला पाणी द्यायचंच. अव्वाही म्हणायची आणि दवाखान्यातल्या नर्सनेही सोडताना तेच सांगितलं होतं, उन्हाळा आहे, उकळून गार केलेलं पाणी देत जा. मग काय विचारता. अव्वा सकाळी भगुल्यात पाणी घेऊन त्यात आपली सोन्याची अंगठी टाकायची आणि चांगलं उकळायची. गार झालं की चांदीच्या वाटीत भरून माझ्या उशाशी ठेवायची. वर झाकण, शेजारी कापसाचा बोळा. तासाला एक वाटी. "तेचे ओठ बघ की कसं सुकल्यात. लेकराला तहान लागली तर ते सांगंल व्हय?"

ते मला ऐकायला गंमतशीर वाटायचं. सांगता तर मलाही येत नव्हतं.

मी बोळा भिजवून बाळाच्या तोंडात धरायचे. तो दोनदा चोखायचा, तिसऱ्यांदा तोंड वाकडं करायचा आणि पाणी गळ्यावरून ओघळायचं. वाटी तशीच राहायची. पुढच्या तासाला अव्वा आली की विचारायची, "संपलं?" उरलेलं पाणी शिळं होतं म्हणून ते मोरीत ओतायचं असा तिचा नियम. ज्या पाण्यासाठी बाया नळावर एकमेकींच्या घागरी सरकवून देत होत्या, ते उकळून, गार करून मोरीत ओतायचं. माझ्याच्याने ते होईना. एका दुपारी अव्वा बाहेर धुणं वाळत घालत होती. मी वाटी उचलली आणि पिऊन टाकली.

काय सांगू त्या पाण्याची गोडी. नुसतं गार पाणी, पण पोटापर्यंत जाताना मला कळत होतं ते आता कुठे पोचलंय.

अव्वा आत आली. "संपलं?"

"संपलं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"बघ, म्हटलं न्हवतं? तहानलं हुतं लेकरू." तिने दुसरी वाटी भरून ठेवली.

असं सुरू झालं. आधी मी बाळाला दोन थेंब देऊन उरलेलं प्यायचे. मग एका दिवशी माझ्या लक्षात आलं की पाण्याचे थेंब दिले की तो लगेच अंगावर नीट पीत नाही. जरा चोखून झोपतो आणि अर्ध्या तासात परत किरकिर. दुसऱ्या दिवशी मी पाणी दिलंच नाही. तो पोटभर प्यायला आणि गाढ झोपला. मग मी मुद्दाम बघायला लागले. एक दिवस थेंब द्यायचे, एक दिवस नाही. आणि ओली दुपटी मोजायची. पाणी दिलेल्या दिवशी सात निघाली, न दिलेल्या दिवशी नऊ. परत करून बघितलं, परत तसंच.

हे काही मला उलगडेना. पाणी न पिणारं पोर जास्त मुततंय. मग हे पाणी येतंय कुठून?

खोलीत पडून पडून मला दुसरा उद्योग नव्हता. मी दोन पळ्या घेतल्या. बाळाला पाजायच्या आधी एका पळीत थोडं दूध काढलं आणि तो पिऊन झाल्यावर दुसऱ्या पळीत. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. पहिलं निळसर, पातळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. दुसरं पिवळसर आणि दाट. शहाबादी फरशीवर एकेक थेंब टाकला तर पहिला पसरत गेला आणि दुसरा तिथल्या तिथे बसून राहिला. मी कितीतरी वेळ त्या दोन थेंबांकडे बघत होते. म्हणजे हा आधी पाणी पितो आणि मग जेवतो. एकाच ताटातून. आणि ते पाणी मी जे वाटीने पितेय तेच असणार, दुसरं कुठून येणार?

शाळेत चौथीपर्यंत मी पुष्कळ पाठ केलं, पण स्वतः काही शोधून काढलं असं आयुष्यात तेव्हाच वाटलं. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर चोरी सांगावी लागली असती.

पंधरा दिवसांत बाळ असं बाळसं धरायला लागलं की बघणारी बाई दारातच बोटं मोडून दृष्ट काढायची. मी दिवसाला आठ-दहा वाट्या पाणी पीत होते. माझं दूध पदराबाहेर यायचं. अव्वाचा आनंद पोटात मावेना. "पानी मानवलं तेला," ती नळावर सगळ्यांना सांगायची. "तासाला वाटी. सोनं घालून उकाळायचं."

पलीकडच्या खोलीत एक तेलुगू कुटुंब राहायचं. नवरा मागावर चादरी विणायचा आणि बायको घरी विड्या वळायची. ती माझ्याच वयाची. तिला माझ्यानंतर आठवड्याने मुलगी झाली होती. घरात तिची सासू. दहाव्या दिवशीच ही पोरगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसलेली. एकदा अव्वा स्वतः तिच्याकडे वाटी आणि कापूस घेऊन गेली.

"वाटीभर पाज. दर तासाला. आमच्या नातवाला बघतीस न्हवं?"

"थुंकतंय की अम्मा."

"थुंकू दे. बोळा परत तोंडात धर. सोडायचं न्हाय. आपन कंटाळलो की लेकरू जिंकतंय."

ती माझ्यासारखी आळशी नव्हती. तिने कंटाळा केला नाही. विड्या वळता वळता एका हाताने बोळा धरून वाटी संपवायची आणि दुसरी भरायची. चार-पाच दिवसांनी ती आमच्या दारात येऊन बसली. पोर कडेला झोपलेलं.

"लई गुणाची झाली बघा अम्मा. पैले रात-दिवस रडत होती. आता आवाजच न्हाई. मी पाचशे विड्या वळले तरी उठत न्हाई."

अव्वा खूश झाली. मी मुलीकडे बघितलं. टाळू जरा आत गेल्यासारखी दिसत होती आणि हाताचं कातडं सैल, म्हातारीच्या हातासारखं. मी हळूच विचारलं, "अंगावर पिते का?"

"थोडं पितीय. मला आता दूध पण जास्त येत न्हाई. बरंच हाय, चोळी भिजत न्हाई."

त्या दुपारी भरलेली वाटी हातात धरून मी बसून राहिले. त्या मुलीचं पोट कशाने भरलंय ते मला दिसत होतं. तिला भूक लागायच्या आधीच तिचं पोट पाण्याने भरत होतं, म्हणून ती रडत नव्हती. आणि हे सगळं कुणामुळे? माझ्या बाळाने एक वाटीसुद्धा पाणी प्यायलं नव्हतं. अव्वा ज्याचा दाखला देत होती ते घडलंच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

एक दिवस मी गप्प बसले. आज सांगते, उद्या सांगते. अव्वा काय म्हणेल, ओळीतल्या बाया काय म्हणतील, बाळंतीण लेकराचं पाणी पिते म्हणजे काय, असलं कधी कुणी ऐकलंय का. दुसऱ्या दिवशी पलीकडून दिवसभर काही आवाज आला नाही. नुसता कात्रीने विडीची पानं कापल्याचा आवाज. मला राहवेना.

अव्वा वाटी भरायला आली. मी म्हणाले, "अव्वा, तो पाणी पीत नाही."

"कोण?"

"बाळ. त्याने प्यायलंच नाही कधी."

"मग रोज वाटी संपतीय ती?"

"मी पिते."

अव्वाने भगुलं खाली ठेवलं. "तू पितीस? समदं?"

"सगळं."

"आन् माझ्या तोंडावर संपलं म्हणतीस? अगं, मी ओळीभर सांगत सुटली की, मानवलं म्हणून!"

"म्हणूनच सांगतेय. पलीकडची मुलगी बघितलीस का? ती रडत नाही अव्वा. तिच्यात रडायची ताकद नाहीये."

मग मी दोन पळ्यांचं सांगितलं, दुपट्यांचं सांगितलं, जे काही कळलं होतं ते सगळं एका दमात. अव्वाचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. पण ती म्हणाली, "काढ बघू." मी काढून दाखवलं. तिने पळ्या उजेडात नेल्या, वाकडी मान करून एकदा ही, एकदा ती अशा बघितल्या. बोट बुडवून चाखलंसुद्धा.

"पाच झाली मला," ती म्हणाली. "पाचांना पाजलं. ह्ये कधी बघितलं न्हाय."

तिने पळ्या मोरीत ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दारात जाऊन थांबली. "चल."

"मी?"

"मग काय मी सांगू, आमची पोर चोरून पानी पितीय म्हणून? तूच सांग."

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचाच नियम. तो तिने मोडला. मी बाळाला छातीशी धरून ओसरीवर आले. उन्हाने डोळे मिटले. चार पावलांवर त्यांचं दार, पण मला ते फार लांब वाटलं. आत ती सूप मांडीवर घेऊन बसली होती, सासू पानं भिजवत होती. वाटी आणि बोळा पोरीच्या उशाशी.

अव्वा म्हणाली, "पानी देऊ नगंस आता पोरीला."

सासूने वर बघितलं. "परवा तुमीच म्हनले पाजा. आज तुमीच म्हनताव नको. आमी कोनाचं ऐकायचं?"

अव्वाने माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघत म्हणाले, "माझ्या बाळाने पाणी प्यायलंच नाही. त्याच्या वाटीतलं मी प्यायले. तो नुसत्या दुधावर आहे."

सासू हसायला लागली. खो खो हसली. "लेकराचं पानी आईनंच पिली! आन् हे बाई गावाला शिकवतंय!" पलीकडच्या दोन दारांतून बाया डोकावल्या. माझे कान तापले. अव्वाचं तोंड बघवत नव्हतं.

विड्या वळणारी मात्र हसली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं.

"कित्ती पिलीस?"

"आठ-दहा वाट्या. दिवसाला."

"पोट सुटलं?"

"नाही."

"आन् दूध?"

माझ्या भिजलेल्या चोळीकडे बघून तिला कळलं. ती तेलुगूत सासूला काहीतरी म्हणाली. सासूचं हसणं थांबलं. ती फणकारून काहीतरी बोलली, हिने परत उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्याने. मग ती उठली, कोपऱ्यातल्या माठात तांब्या बुडवला आणि आमच्याकडे पाठ करून उभ्यानेच सगळा प्यायली. परत बुडवला. तिलाही दिवसाला दोनच फुलपात्री मिळत होती, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर अव्वा चुलीपाशी बसून उगाच राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या येळंला मला पन लई तहान लागायची."

"मग काय करायचीस?"

"न्हाणीत. माझी आई पाठीला तेल चोळायची न्हवं, तवा समोरच्या हंड्यातलं. ओंजळीनं. धुराचा वास यायचा तेला."

"मग मला का नाही दिलंस?"

"तू मागितलंस व्हय कधी?" ती चिडूनच म्हणाली. "तोंड हाय का तुला?"



त्या मुलीचं सोपं गेलं नाही. तिला चोखायचीच ताकद राहिली नव्हती. अव्वा रोज दोनदा, तीनदा तिच्याकडे जाऊन बसायची. मुलीची आई दूध पिळून काढायची, आधी चमचाभरही निघायचं नाही, आणि अव्वा ते पळीने थेंब थेंब मुलीच्या गालात सोडायची. सासू टोमणे मारत बसायची, "आता हे नवीन शिक्षन," पण माठ भरून ठेवायची ती सासूच. दवाखान्यातही नेऊन आणलं. डॉक्टरांनी पोटासाठी औषध दिलं आणि पाणी उकळूनच द्या म्हणाले. अव्वाने मान हलवली आणि घरी येऊन औषध तेवढं दिलं. मी खोलीतून कान देऊन असायचे. आज दोन पळ्या गेल्या. आज तोंडात धरलं पण सोडलं. आज जरा वेळ धरलं. अव्वा आल्या आल्या मला सांगायची, जणू मीच कुणी डॉक्टर. आणि मीही विचारायचे, आधी पातळ निघालं का, शेवटी दाट झालं का, किती दुपटी झाली. एवढं मी अव्वाशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

पाचव्या की सहाव्या दिवशी, दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, अव्वा ज्वारी निवडत बसली होती. पलीकडून एकदम रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, पण थांबेना. वाढतच गेला. अव्वाचा हात सुपात तसाच राहिला.

"रडतीय गं," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, "ऐकलं काय हो अम्मा? तुमच्या पोरीच्या शहाणपनानं आता आमची झोप गेली! सुनेनं विडी टाकून दिली आन् पोर घेऊन बसली!"

"बसू दे की!" अव्वा इकडून ओरडली. "विडी कुटं पळून जातीय?"

रडणं थांबलं, एकदम, तोंडात काहीतरी मिळाल्यावर थांबतं तसं. आम्ही दोघी बसून ऐकत राहिलो. बराच वेळ काही आवाज आला नाही, पण या वेळी त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली नाही.